हातभर आखूड कोर्ट

परवा सकाळी बायकोनं हातात टोपलं दिलं आन म्हणली, "म्हशीवाल्याकडून शेण आणा, अंगण सारवायचंय." मी शेण आणलं. आणलं, पर घरी न्हाई नेलं. डोस्क्यावर टोपलं घेऊन सेलूच्या क्लबाच्या गेटात हुबा राह्यलो, आन मंग ध्यानात आलं, की मला इथलं काम सोडून चार वर्सं झालीत. टेनिसचं कोर्ट तर त्याच्याबी आधीपासून बंद हाय. माझ्या पायाला डोस्क्यापेक्षा जास्त आठवतं. तसं डोस्क्यात तवाबी काय लय व्हतं असं न्हाई.

गेटाला कुलूप न्हवतं. आत गेलो. रूळ अर्धा मातीत रुतलाय, म्हैस बसल्यावानी. कोर्टावर तरोटा माजलाय. जाळीचे दोन लोखंडी खांब तेवढे हुबे हायत, आन त्यांच्या पल्याड कापसाच्या जिनिंगची लांबच लांब भिंत. टोपलं खाली ठिवलं, रुळावर टेकलो. शेणाचा वाफाळता वास नाकात गेला आन मी गेलो की कुठच्या कुठं.

ह्याच कोर्टावर कोपिला शिकली. आता जिची मॅच लागली की स्टँडावरच्या हॉटेलात लोकायच्या हातातला च्या गार होतो, ती. परदेशातलं लालभडक कोर्ट, चारी बाजूनं माणूस नुसतं मुंगीवानी भरलेलं, आन एवढी माणसं गप्प! आमच्याकडं मयतीत बी एवढं गप्प कुणी बसत न्हाई. तिथं आता रेघेवर बघायला माणूस बी ठिवत न्हाईत म्हणं. चेंडू आत पडला का बाहेर, ते मशीन सांगती. आन त्या सगळ्यायच्या मधी ही आमची नेपाळ्याची पोरगी, हातानं कपाळाचा घाम निपटायलीय.

हॉटेलवाला मंग गिऱ्हाइकाला मला दाखवितो. "हे बघा, हिचं कोर्ट ह्यांनी आखलेलं." मी मान खाली घालतो. लोकायला वाटतं, म्हातारा लाजायलाय. लाजच हाय ती, पर दुसरी हाय. कोर्ट मीच आखलं, आन चुकीचं आखलं. त्याच्यापायी ह्या पोरीची जिंदगी एका दुपारी जायलती.

आमचं शेणाचं कोर्ट. खाली मुरूम, त्याच्यावर रूळ, आन वरून शेणाचं सारवण. निजामाच्या वक्तापासून तसंच. शनिवारी सांजच्याला मी आन माझी बायको दोन कडांनी सारवत यायचो आन मधी जाळीपाशी भेटायचो. ती माझ्या आधी पोचायची. ऐतवारी सकाळी वाळलं की हिरवट-सोनेरी दिसायचं, त्याच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. चेंडू नवा आला की आठ दिवसांत हिरवा व्हायचा. खेळणाऱ्या साहेब लोकायच्या पांढऱ्या चड्ड्या बी. एका दिवाळीला बायकोनं आनंदाच्या भरात बरोब्बर मधोमध कमळाची रांगोळी काढली. तहसीलदार साहेब सकाळी आले, बघितलं, आन तासभर रांगोळी सोडून कडंकडंनंच खेळले. पाय द्यायची हिम्मत कुणाला व्हती?

मला हे काम मिळालं तेच फजितीनं. त्याच्या आधी ऊसतोडीला जायचो, सहा महिने पाचटाच्या कोपीत. क्लबात माणूस पायजेल म्हणून कळलं तसा गेलो. साहेबानं इचारलं, "टेनिस कळतं का?" म्हणलं, "कळतं म्हंजी? लेगस्पिन टाकतो ना साहेब." टेनिसचा चेंडू असतो, तो किरकीटला असतो, ह्याच्या पलीकडं मला काय माहीत? सगळे पोट धरून हसले, आन हसता हसता मला ठिवून घेतलं.

माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं जाताना मला एक दोर दिला. अंबाडीचा, चांगला अंगठ्याएवढा जाड. जाळीपासून ताणायचा. लाल चिंधी जिथं येती तिथं पुढची रेघ, निळी चिंधी जिथं येती तिथं मागची. झालं कोर्ट. म्हातारा म्हणला, "ह्यो दोर हाय तवर तुला शाळा शिकायची गरज न्हाई." मला लय बरं वाटलं. एवढ्या वर्सांत पहिल्यांदा कुणी तसं म्हणलं व्हतं.

आता दोर म्हणल्यावर तुटणारच. पहिल्यांदा माझ्याच शेळीनं खाल्ला. मी गाठ मारली. दुसऱ्यांदा रुळाखाली आला, गाठ मारली. तिसऱ्यांदा कशानं तुटला ते आठवत न्हाई, पर गाठ मारलेली आठवती, कारण लय झ्याक मारली व्हती. तिन्ही डाव तुटला तो निळ्या चिंधीकडंच. गाठीनं दोर जुळतो एवढं मला माहीत व्हतं. गाठ दोर खाती, हे माझ्या डोस्क्यात आलंच न्हाई. मागची रेघ दोन्हीकडून एक-एक हात आत सरकली, आन मी दर ऐतवारी तिच्यावर चुना वढत राह्यलो, जशी काय ती देवानंच आखलीय.

साहेब लोकायला तर उलट बरं झालं. एक वकीलसाहेब म्हणायचे, "वय वाढायलंय, पण मागं पळायला आजकाल अजिबात जड जात नाही. पहाटेच्या योगासनांचा गुण." मी म्हणायचो, "व्हय साहेब, दिसायलंय."

कोपिलाचा बाप, बहादूर, जिनिंगवर गुरखा व्हता. चार वर्सांची पोरगी आन बायको घेऊन कुठून कुठून रेल्वे बदलत सेलूत उतरला. आमी ऊसतोडीत सहा महिन्यांचे परदेशी व्हतो, तो बारा महिन्यांचा. म्हणून आमचं जमलं. मला 'दाजू' म्हणायचा, म्हंजी त्यांच्यात थोरला भाऊ. मी त्याला बहादूर म्हणायचो, कारण सगळे म्हणायचे. त्याचं खरं नाव धनराज हाय, हे मला नऊ वर्सांनी कळलं, ते बी रेल्वेच्या तिकिटावर. बायको त्याची जिनिंगात कापसातला पाला-काडी निवडायला जायची. बोलायची न्हाई, नुसती हसायची. माझी बायको तिच्याशी तासतासभर बोलायची. दोघींची भाषा येगळी, तरी उठताना दोघींच्या डोळ्यांत पाणी.

दिवाळीपासनं होळीपर्यंत जिनिंग चालायचं. भितीपलीकडून घरघर घरघर, पायाखालची जमीन बी जरा हालल्यावानी वाटायची. सरकीचा तेलकट वास. आन हवेत कापसाचं फूल. जाळीवर बसायचं, रुळावर बसायचं, माझ्या मिशीवर बसायचं. त्या घरघरीत एक दिवस येगळाच आवाज आला. ठक. ठक. ठक. जाऊन बघतो तर ही पोरगी. आईचं धुण्याचं धोपाटणं दोन्ही हातांनी धरलंय, आन साहेब लोकायचा फाटका चेंडू जिनिंगच्या भितीवर मारायलीय. पायात काय न्हाई. केसात कापूस. चेंडू भितीवर जायचा आन माघारी बरोब्बर तिच्यापाशी यायचा, जसं काय त्याला दावं बांधलंय. मी मोजायला लागलो. मला शंभरापर्यंतच येतं. शंभर झाले, मी परत एकपासून धरलं. तीन डाव धरलं, मंग मीच दमून खाली बसलो. ती दमली न्हाई.

क्लबात एक डॉक्टरीणबाई यायच्या. रिटायर झालेल्या, जाड भिंगाचा चष्मा, एकट्याच बाई खेळायला. त्यांनी पोरीला बघितलं. मंग म्हणल्या, "हे धोपाटणं आईला परत दे. उद्या सकाळी साडेपाचला ये."

पोरगी म्हणली, "साडेपाचला आई धुणं धुती. मंग धोपाटणं आईलाच लागतं."

"म्हणूनच ये. मी दुसरं देते."

तवापासून ती सकाळ सुरू झाली. उन्हाळ्यात मी चारलाच उठून कोर्टावर पाणी शिंपायचो. ओल्या शेणाचा, चुन्याचा वास. रेल्वेची लांबून शिट्टी. बाईंचा आवाज, "गुडघा वाक! गुडघा!" आन चेंडूचा आवाज. तो आवाज वर्सावर्साला बदलत गेला. आधी टप्प, मंग ठप्प, आन पोरगी बारा-तेराची झाल्यावर असा यायला लागला, जसं कुणी कोरडी सरकीची गोणी वरच्या माडीवरून फेकलीय. साहेब लोकं आपला खेळ सोडून बघायचे. त्यांच्या तोंडाला बघून मला हसू यायचं, आन मंग कळायचं, माझं बी तोंड उघडंच हाय.

दुष्काळाच्या एका वर्सी गावातली जनावरं बाजारात गेली. शेण कुठलं मिळतंय? मी टोपलं घेऊन घरोघर. बाया हसायच्या, "आला गं टेनिसवाला! कुणाच्या गाईला लागली का बघा!" माझ्या बायकोला कुणी म्हणलं, सोड की, एक डाव न्हाई सारवलं तर काय व्हतंय? तर भडकली. "पोरीच्या टाचेत मुरूम रुततो. तुझ्या पोरीला पळव की अनवाणी, मंग बोल." कोपिला खेळून आली की तिच्या टाचेला तेल चोळायची. "आगं, बूट घाल की ते बाईंनी दिलेले." "मामी, बुटात कोर्ट कळत न्हाई."

कोर्ट कळत न्हाई! मी तिथंच बसलो व्हतो. मला बी वाटलं, बघा, आपलं कोर्ट कसं हाय.

मंग जिनिंग बंद व्हणार असं ठरलं. बहादूरला पुण्यात एका मोठ्या बिल्डिंगीवर काम मिळालं, पर ऱ्हायाला जिन्याखालची एकट्यापुरती जागा. बायको-पोरगी माघारी डोंगरात, आज्जीकडं जाणार. त्याच वक्ताला औरंगाबादला निवड निघाली. जी निवडून येईल तिला हॉस्टेल, शाळा, कोच, सगळं. बाईंनी बहादूरला क्लबात बोलावलं. तो खुर्चीवर बसला न्हाई, कधीच बसायचा न्हाई.

"हिची निवड झाली तर ती हॉस्टेलला राहील," बाई म्हणल्या. "नाही झाली तर?"

"नाय झाला तर गाव," बहादूर म्हणला. "हमारे गाव में सपाट जगा नाय, बाई. इतना बी नाय." त्यानं दोन हात पसरले. "बॉल हातातून सुटला ना, तो सीधा नीचे नदीला जातो."

एवढ्यावरच सगळं व्हतं. म्हंजी एका दिवसावर.

आमी चौघं गेलो, बाई, बहादूर, कोपिला आन मी. माझं तिथं काहीच काम न्हवतं. दुसरं कोर्ट कसं असतं ते बघायची हौस. डब्यात बायकोच्या भाकरी आन ठेचा, कोपिलाच्या आईनं केलेल्या गोड गोल रोट्या. सेलूपासून मी बडबड करायलो, मानवत रोडच्या आधीच ठेचा संपवला असं बाई म्हणतात, पर मानवत रोड तर उलट्या बाजूला हाय. म्हंजी मी किती लवकर संपवला बघा.

तिथलं कोर्ट निळं व्हतं. सिमिटाचं, गुळगुळीत. वास काहीच न्हाई, नवा डबा उघडल्यावानी. पोरी कपडे बदलायलत्या, तवर मी सवयीनं कोर्टाच्या कडंनं चालत गेलो. एवढी वर्सं सारवलेलं माणूस, माझं कोर्ट मला पावलांवर पाठ. ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत तीस. तिथं तीस झाले आन रेघ आलीच न्हाई. वाटलं, आज पावलं बारकी पडायलीत. परत गेलो. एकतीस, आन वर एक टाच. तिसऱ्यांदा गेलो तवा तिथला माणूस वरडला, "ओ काका, बाजूला!"

मला त्या तीन गाठी दिसल्या, राव. डोळ्यापुढं. ती झ्याक मारलेली तर लय जवळून दिसली.

बहादूरजवळ गेलो. म्हणलं, "बहादूर, मी तुझ्या पोरीचं वाटोळं केलं. आपलं कोर्ट आखूड हाय. दोन्हीकडून हात-हातभर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "किसने बोला?"

"पायानं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं खिशातून रुमाल काढला, घडी उघडली, परत घातली, खिशात ठिवला.

समोरची पोरगी उंच, पायात भारी बूट, पिशवीत चार रॅकेटी. खेळ सुरू झाला आन मला व्हायचं ते दिसायला लागलं. कोपिलाचा पहिला फटका, सर्व्हिस, बरोबर जायचा, पुढची रेघ आमची शाबूत व्हती ना. पर त्याच्यानंतरचा दर चेंडू रेघेच्या हात-दीड हात अलीकडं. आमच्याकडं तो रेघेवर पडला असता, चुना उडाला असता. इथं तो त्या उंच पोरीच्या पुढ्यात आयता पडायचा, आन ती तो असा हाणायची, जसं कुणी ताटातली माशी. पहिला डाव गेला. दुसऱ्याची सुरुवात बी गेली. बाई म्हणायल्या, "अशी कधी खेळत नाही ही. आखडतेय का?" आखडलं कोण ते मला माहीत व्हतं.

बाजू बदलताना ती पाणी प्यायला आमच्याकडं आली. बापाकडं न्हाई, बाईंकडं न्हाई, माझ्यासमोर हुबी राह्यली. घामानं नुसती निथळायलती.

"मामा, ह्ये कोर्ट मोठं हाय का?"

खोटं बोलायला मला कधी अडचण आली न्हाई. बायकोला इचारा. पर त्या दिवशी न्हाई जमलं.

"न्हाई गं. हे बरोबर हाय. आपलं लहान हाय. मी लहान केलं, दोराला गाठी मारून मारून. मागं दोन्हीकडं हात-हातभर." आन मी हातानं दाखवलं, कोपरापासून बोटापर्यंत.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ही पोरगी रडती. तिनं वळून त्या निळ्या कोर्टाकडं बघितलं. लय येळ बघितलं. जत्रेत पहिल्यांदा आलेलं लेकरू पाळण्याकडं बघतं, तसं.

"म्हंजी ती एवढी सगळी जागा आपलीच हाय?" ती म्हणली. "मंग लय जागा हाय की, मामा!"

आन गेली.

आता पुढचं मला नीट सांगता येत न्हाई. मी हुबा व्हतो का बसलो व्हतो ते बी आठवत न्हाई. एवढंच आठवतं, की चेंडू लांब पडायला लागला. आधी एक बाहेर गेला, मंग दुसरा गेला, मंग तिसरा पडला तो ऐन मागच्या रेघेवर. ती उंच पोरगी मागं सरकली. अजून मागं सरकली. पार जाळीच्या कुंपणाला तिची पाठ लागली. आन कोपिला मारायलीय, डावीकडं, उजवीकडं, एवढा एवढासा जीव, अन् तो आवाज, सरकीच्या गोणीवाला. त्या सपाट निळ्या जागेवर अशी पळायलीय, जशी काय तिला आत्ताच कुणी सोडलंय. आजूबाजूच्या कोर्टावरचे लोकं येऊन कुंपणाला लागले. मी एवढी वर्सं रोज सकाळी जिला बघितलं, ती पोरगी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. अंगावर काटा आला तो दिवसभर गेलाच न्हाई.

उरलेले दोन्ही डाव तिनं घेतले. शेवटच्या चेंडूला बहादूर हुबा व्हता, त्यानं हात जोडले, कुणाला ते त्यालाच माहीत. मी टाळ्या वाजवायच्या जागी खाली बसून रडायलो. तिथल्या एका बाईनं इचारलं, "तुमची मुलगी हरली का?"

सेलूला आलो त्या दिवशीच बाईंनी दवाखान्यातल्या मिस्त्रीकडून लोखंडी टेप आणली. म्हणल्या, "दोर जाळा." मी आन कोपिलानं मिळून नवं कोर्ट आखलं. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. आकडे तिनं वाचले. माझ्या जिंदगीतली ती पहिली सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब धापा टाकत आले, "आज काय झालंय कळत नाही, एकही चेंडू गाठता येईना. योगासनं बंद करावी म्हणतो." मी म्हणलं, "नका साहेब, आता तर लय गरज लागंल."

त्या खऱ्या कोर्टावर ती तीनच दिवस खेळली. चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीनं सगळे निघणार व्हते, पोरगी हॉस्टेलला, बाप पुण्याला, आई बी संगट जाणार, कारण हॉस्टेलच्या स्वैपाकघरात तिला काम लागलं व्हतं. सामान बाहेर काढलं, एक ट्रंक आन दोन बोचकी. बहादूर निरोप घ्यायला कोर्टापाशी आला आन कडंला हुबा राह्यला, जसा नऊ वर्सं राह्यलता.

कोपिला म्हणली, "बाबा, मामा, तुमी दोघं कधी खेळलातच न्हाई."

मी म्हणलं, "आमचं वय हाय का?"

"वकीलसाहेबांपेक्षा तुमी लहान हाव."

तिनं माझ्या हातात रॅकेट दिली, बापाच्या हातात दिली. बहादूरनं आधी चपला काढल्या. मी बी काढल्या. माझी बायको अन् त्याची बायको गेटात हुब्या, पदर तोंडात. पहिला चेंडू मी मारला तो जाळीत. दुसरा माझ्याच पायावर. तिसरा भितीपलीकडं जिनिंगात. बायको तिथून वरडली, "आवं, शेण थापायलाव का खेळायलाव?" बहादूर हसून हसून खाली बसला. नऊ वर्सांत त्या कोर्टावर तो पहिल्यांदा बसला व्हता.

चौथा मात्र लागला. कसा लागला माझं मलाच माहीत न्हाई. रॅकेटीतून तसाच आवाज आला, तिच्यावानी न्हाई, पर त्याच जातीचा. चेंडू वर गेला, जाळीच्या वरून गेला, बहादूरच्या डोस्क्यावरून गेला. तो मागं पळाला, अनवाणी, हात वर करून, आन चेंडू त्याच्या मागं पडला.

बाहेर पडला. चांगला वीतभर बाहेर. ती रेघ मी सोताच्या हातानं टेपीनं आखलेली, तिच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं काम न्हवतं. बहादूरनं बी बघितलं. दोघंबी पोरीकडं वळलो.

ती जाळीच्या खांबाला टेकून हुबी व्हती. तिनं त्या जागेकडं नीट बघितलं, वाकून बघितलं, जसं काय लय अवघड काम हाय. मंग सरळ झाली आन दोन्ही हात खाली पसरून म्हणली,

"आत!"